कंट्रोलच्या मेंदूतही हिरव्या पेशी दिसतात तेव्हा: रेबीज ट्रेसिंगमधील एका नेहमीच्या अडचणीचे निवारण

मेंदूतील ठरावीक चेतापेशींना कोणकोणत्या पेशींकडून संदेश येतात, हे शोधण्यासाठी जनुकीय बदल केलेला रेबीजचा विषाणू वापरणाऱ्या जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याला एका अडचणीला हमखास तोंड द्यावे लागते. प्रयोगाच्या उंदरात हिरव्या पेशी भरपूर मिळतात, आकृत्या तयार होऊ लागतात, आणि मग ज्या उंदरात एकही हिरवी पेशी सापडायला नको त्याच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले की तिथेही हिरवे ठिपके चमकत असतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागातून जीवशास्त्राकडे वळलेली आणि आज धारवाडपासून बंगळूर-पुण्यापर्यंतच्या प्रयोगशाळांत काम करणारी मुले याबाबत फोन करतात, तेव्हा पहिले वाक्य बहुधा हेच असते: "सर, कंट्रोलमधी पण हिरवं दिसायलंय." दुसरे वाक्यही ठरलेले असते: "व्हायरस खराब आलाय काय?"

त्यावर माझा उलट प्रश्न एकच असतो: "कुठं दिसायलंय?" हा प्रश्न टोलवाटोलवीचा नाही. या पद्धतीत दोष ज्या टप्प्यावर शिरतो त्याप्रमाणे खोट्या हिरव्या पेशींची जागा बदलते. त्यामुळे त्या सुई टोचलेल्या जागेभोवती आहेत, दूरच्या भागात आहेत की सुईच्या वाटेवर रांगेने आहेत, एवढे नीट पाहिले तर निम्मे निदान तिथेच होते. विषाणूची नवी कुपी मागवणे हा उपाय मात्र सगळे जण आधी करतात आणि बहुतेक वेळा तो निरुपयोगी ठरतो.

पद्धतीची पार्श्वभूमी थोडक्यात सांगणे भाग आहे. पिसाळलेले कुत्रे चावल्यावर रेबीजचा विषाणू चेतातंतूंच्या टोकांतून आत शिरतो, तंतूच्या आतून उलट्या दिशेने पेशीच्या मुख्य भागाकडे जातो, तिथे स्वतःच्या प्रती काढतो आणि सायनॅप्स, म्हणजे दोन चेतापेशींमधला संदेशाचा सांधा, ओलांडून त्या पेशीला संदेश देणाऱ्या मागच्या पेशीत जातो. ही उलटी वाट संशोधकांच्या कामाची आहे. मूळ विषाणू मात्र थांबत नाही, एकामागून एक सायनॅप्स ओलांडत राहतो, त्यामुळे थेट जोडलेली पेशी कोणती आणि दोन पायऱ्यांपलीकडची कोणती हे कळत नाही. २००७ साली कॅलिफोर्नियातील साल्क इन्स्टिट्यूटमध्ये इयन विकरशॅम व एडवर्ड कॅलवे आणि जर्मनीतील कार्ल-क्लाउस कॉन्झेलमान यांनी त्यावर तोड काढली. सुमारे १२ हजार अक्षरांच्या या आरएनए जीनोममध्ये पाच जनुके असतात. त्यांपैकी विषाणूच्या कवचावरील ग्लायकोप्रोटीनचे, म्हणजे 'जी'चे जनुक काढून त्याजागी हिरव्या प्रकाशप्रथिनाचे, जीएफपीचे जनुक बसवले. 'जी'शिवाय विषाणूला पुढच्या पेशीत जाता येत नाही. ज्या पेशीला आपण बाहेरून 'जी' पुरवतो तिथूनच तो पुढे सरकतो आणि पुढच्या पेशीत 'जी' नसल्याने तिथे अडकतो. अशा रीतीने एकच पायरी रंगते.

पहिल्यांदा कोणत्या पेशीत शिरायचे, हेही बांधून दिलेले असते. विषाणूला त्याच्या स्वतःच्या कवचाऐवजी पक्ष्यांमधील एका विषाणूचे एन्व्ह-ए नावाचे कवच चढवतात. या कवचाला लागणारा टीव्हीए हा ग्राहक सस्तन प्राण्यांच्या पेशींवर नसतो, म्हणून ज्या पेशींत आपण टीव्हीए आधी तयार करून ठेवला असेल तेवढ्याच पेशींत विषाणू शिरतो. टीव्हीए आणि 'जी' ही दोन्ही प्रथिने एएव्ही या जनुके वाहून नेणाऱ्या मदतनीस विषाणूंमार्फत पुरवली जातात, आणि क्री हे एन्झाइम असलेल्या, म्हणजे आपण अभ्यासासाठी निवडलेल्या, पेशींतच ती तयार व्हावीत अशी रचना असते. ज्या पेशीत टीव्हीए, 'जी' आणि रेबीज ही तिन्ही आहेत ती 'स्टार्टर' पेशी. फक्त हिरवी दिसणारी दूरची पेशी ही तिला संदेश देणारी.

इथे एक गोष्ट नमूद करणे आवश्यक वाटते, कारण घरी रेबीजवर काम करतो असे सांगितले की खानापूरकडच्या आईवडिलांच्या पोटात गोळा येतो. या कामात सर्रास वापरली जाणारी एसएडी बी१९ ही जात लसीची आहे. युरोपात कोल्ह्यांना तोंडावाटे द्यायच्या लसीत तीच वापरली गेली. त्यातून 'जी' काढून टाकल्यावर तिच्यापासून संसर्ग पसरण्याचा मार्गच तुटतो. तरीही काम करणाऱ्यांनी रेबीजची प्रतिबंधक लस आधी घेणे, दुसऱ्या पातळीच्या जैवसुरक्षा कक्षात काम करणे, आणि जैवसुरक्षा समिती व प्राणी नैतिकता समिती या दोघांची लेखी परवानगी असणे, यांत सूट नाही. टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोत एके काळी देवीची लस तयार होत असे, तेव्हा जिवंत विषाणू शिस्तीने हाताळण्याचे काम या गावाला नवे नाही.

सुई टोचलेल्या जागेभोवतीच हिरव्या पेशी

सर्वांत अधिक आढळणारा प्रकार हा आहे. क्री नसलेल्या साध्या उंदरात मदतनीस एएव्ही आणि नंतर रेबीज टोचलेला असतो. टोचलेल्या जागेभोवती काही शे मायक्रोमीटरच्या परिसरात दाट हिरव्या पेशी दिसतात, पण दूरच्या भागांत काहीच नसते. याचा अर्थ टीव्हीएची गळती होत आहे.

या गळतीचे कारण समजून घेतले नाही तर उपायही चुकतो. क्रीवर अवलंबून असलेल्या एएव्हीत जनुक उलट्या दिशेने बसवलेले असते आणि क्रीने लॉक्स नावाच्या खुणेच्या ठिकाणी कापून फिरवल्यावरच ते सुलट होते. कागदावर ही व्यवस्था चोख दिसते. प्रत्यक्षात प्लास्मिड (हे जनुक असलेला डीएनएचा गोल तुकडा) जिवाणूंत वाढवताना किंवा एएव्ही तयार होत असताना काही थोड्या प्रती क्रीशिवायच सुलट होऊन बसतात, आणि त्याखेरीज उलट्या जनुकातूनही अत्यल्प प्रमाणात वाचन होत राहते. लाखातल्या एका प्रतीची ही चूक इतर कोणत्याही प्रथिनाच्या बाबतीत कोणाच्या लक्षातही आली नसती. टीव्हीएची गोष्ट वेगळी आहे, कारण पेशीच्या पृष्ठभागावरील टीव्हीएचे मोजके रेणूही एन्व्ह-ए कवचाच्या विषाणूला आत घेण्यास पुरतात, आणि आत शिरलेला एकच कण स्वतःच्या प्रती काढून संपूर्ण पेशी झगझगीत हिरवी करतो. म्हणूनच टीव्हीएला जोडलेला लाल एमचेरी रंग कुठेही दिसत नाही आणि तरी पेशी हिरवी असते. "लाल नाही म्हणजे टीव्हीए नाही" हा समज सोडून द्यायला हवा.

तितक्याच प्रमाणात 'जी'चीही गळती होत असते, पण 'जी'चे अत्यल्प प्रमाण विषाणूला पुढच्या पेशीत पोहोचवायला पुरत नाही. त्यामुळे या दोषात हिरव्या पेशी फक्त जवळपास राहतात. दूरच्या जोडण्यांचा अभ्यास करणाऱ्यांनी टोचलेल्या जागेभोवतीचा भाग मोजणीतून वगळला, आणि तो किती वगळावा हे क्री नसलेल्या उंदरातील हिरव्या पेशींच्या पसाऱ्यावरून ठरवले, तर त्यांचे काम अडत नाही. डोपामिन पेशींना मेंदूभरातून मिळणाऱ्या संदेशांचा जो नकाशा २०१२ साली मित्सुको वाताबे-उचिदा आणि सहकाऱ्यांनी मांडला, तो दूरच्या जोडण्यांचाच आहे. अडचण येते ती जवळच्या जोडण्या पाहणाऱ्यांना. कॉर्टेक्सच्या, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या आवरणाच्या, एका थरातील पेशीला शेजारच्या थरातून कोण बोलते, हा प्रश्न असेल तर गळतीच्या हिरव्या पेशी आणि खऱ्या हिरव्या पेशी एकाच जागी मिसळलेल्या असतात, आणि त्या वेगळ्या करण्याचा कोणताही उपाय सूक्ष्मदर्शकापाशी नसतो.

पहिला उपाय स्वस्त आहे आणि तोच सर्वांत कमी केला जातो: टीव्हीए असलेला मदतनीस एएव्ही पातळ करणे. टीव्हीए आणि 'जी' दोन स्वतंत्र एएव्हींत असतील तर टीव्हीएचा दहापट, पन्नासपट, दोनशेपट पातळ करून क्री नसलेल्या उंदरांत आणि क्री असलेल्या उंदरांत बरोबरीने टोचावा आणि गळती जवळपास नाहीशी होते पण स्टार्टर पेशी पुरेशा मिळतात असा टप्पा शोधावा. 'जी'चा एएव्ही मात्र तसाच दाट ठेवावा, कारण टीव्हीए थोडा पुरतो पण 'जी' थोडा पुरत नाही. ज्यांनी दोन्ही जनुके एकाच एएव्हीत घातली आहेत त्यांना हे करता येत नाही. पातळ केले की दोन्ही एकदमच कमी होतात. माझ्या मते केवळ एवढ्या कारणासाठी एकत्रित एएव्ही टाळावा. विकरशॅम यांच्या प्रयोगशाळेने यातून काढलेली वाट अधिक पक्की आहे: टीव्हीए आणि टीटीए नावाचे स्विच-प्रथिन एका एएव्हीत, तर 'जी' दुसऱ्या एएव्हीत त्या स्विचच्या ताब्यात. पहिला एएव्ही फार पातळ वापरला तरी थोड्याशा टीटीएमुळे 'जी' भरपूर तयार होतो. शिवाय त्यात टीव्हीएचे जनुक अशा जागी तोडलेले आहे की क्रीने फिरवल्याशिवाय त्यातून कामाचे प्रथिन बनतच नाही.

दुसरा उपाय म्हणजे टीव्हीए ६६टी हे बदललेले रूप. २०१३ साली काझुनारी मियामिची आणि लिक्वुन लुओ यांनी वास ओळखणाऱ्या बल्बमधील जवळच्या जोडण्या पाहण्यासाठी ते वापरले. त्याची एन्व्ह-एवरची पकड सैल आहे, त्यामुळे गळतीचे मोजके रेणू विषाणूला आत घेऊ शकत नाहीत. याची किंमतही आहे: क्री असलेल्या पेशींपैकीही ज्यांत टीव्हीए भरपूर बनतो तेवढ्याच स्टार्टर होतात, म्हणजे संख्या घटते. जवळच्या जोडण्यांच्या प्रश्नासाठी हा तोटा पत्करावा. दूरच्या जोडण्यांसाठी मुळात त्याची गरज नाही.

दूरच्या भागांत हिरव्या पेशी

कंट्रोलमध्ये दूरच्या भागांत हिरव्या पेशी दिसल्या तर मात्र मामला गंभीर आहे, कारण प्रयोगाच्या उंदरातील निष्कर्ष ज्या पेशींवर उभा आहे नेमक्या त्याच पेशी खोट्या असू शकतात.

सर्वांत आधी असा एक उंदीर घ्यावा ज्याला मदतनीस एएव्ही अजिबात टोचलेला नाही, फक्त रेबीज टोचलेला आहे. त्यातही दूरवर हिरव्या पेशी असतील तर एन्व्ह-एच्या साठ्यात मूळ 'जी' कवचाचे कण मिसळलेले आहेत, हे उघड आहे. कवच बदलताना पेशींना आधी 'जी' कवचाचा विषाणू दिला जातो, आणि तो नीट धुतला गेला नाही तर काही कण अंतिम साठ्यात राहतात. हे कण टोचलेल्या जागी असलेल्या कोणत्याही तंतूच्या टोकात शिरतात, उलट्या वाटेने दूरच्या पेशीपर्यंत जातात आणि तिला हिरवी करतात. अशी पेशी दिसायला हुबेहूब खऱ्या पेशीसारखी असते. शिवाय जिथून त्या भागात तंतू येतात तिथेच ती सापडते, त्यामुळे मेंदूच्या रचनेशी तिचा मेळही बसतो आणि संशय येत नाही.

याची चाचणी प्रत्येक प्रयोगशाळेत होते असे गृहीत धरले जाते, पण ती बरीचदा अशा प्रकारे केली जाते की तिच्यातून दोष सापडूच शकत नाही. समजा साठ्याचे टायटर, म्हणजे त्यातील संसर्गक्षम कणांचे प्रमाण, प्रति मिलिलिटर १० कोटी कण आहे आणि दर दहा हजार कणांमागे एक कण 'जी' कवचाचा आहे. म्हणजे प्रति मिलिलिटर १० हजार चुकीचे कण. टीव्हीए नसलेल्या एचईके २९३टी या तबकडीत वाढवलेल्या मानवी पेशींवर हा साठा हजारपट पातळ करून त्यातला १ मायक्रोलिटर टाकला, तर त्यात शंभरातून एकदा चुकीचा कण येईल. तबकडीत हिरवे काहीच दिसणार नाही आणि साठा शुद्ध म्हणून शिक्का बसेल. तोच साठा न पातळ करता १ मायक्रोलिटर टाकला तर सुमारे १० हिरव्या पेशी दिसतील. उंदरात आपण ३०० नॅनोलिटर टोचतो, म्हणजे प्रत्येक मेंदूत अंदाजे ३ चुकीचे कण जातात. ज्याच्या प्रयोगात दूरच्या एखाद्या भागात हजारो खऱ्या पेशी आहेत त्याला तीन पेशींनी फरक पडत नाही. पण एखाद्या नव्या भागात तुरळक चार-पाच पेशी सापडल्या म्हणून नवी जोडणी जाहीर करणाऱ्याला त्या तीन पेशी महागात पडतात. म्हणून टीव्हीए नसलेल्या पेशींवरची चाचणी नेहमी न पातळ केलेल्या साठ्याने करावी, आणि ४८ ते ७२ तासांनी संपूर्ण तबकडी, कडेपासून कडेपर्यंत, स्वतः पाहावी. एखादा मधला भाग पाहून निकाल देऊ नये.

फक्त रेबीज दिलेला उंदीर स्वच्छ निघाला, पण क्री नसलेल्या आणि मदतनीस एएव्ही दिलेल्या उंदरात दूरवर हिरवे दिसले, तर 'जी'ची गळती असामान्य प्रमाणात आहे, किंवा टीव्हीए गळलेल्या दूरच्या पेशींचे तंतू टोचलेल्या जागेपर्यंत येत आहेत. या दुसऱ्या शक्यतेकडे क्री असलेल्या उंदरातही लक्ष द्यावे लागते. काही एएव्ही प्रकार टोचलेल्या जागेतील तंतूंच्या टोकांतून उलट्या वाटेने दूरच्या पेशींत जातात. त्या दूरच्या भागात योगायोगाने क्री असेल तर तिथे टीव्हीए तयार होतो, तो तंतूभर पसरतो, आणि नंतर टोचलेला रेबीज त्या तंतूंत थेट शिरतो. म्हणजे कोणताही सायनॅप्स न ओलांडता दूरची पेशी हिरवी होते. हे ओळखण्याचा मार्ग सोपा पण कंटाळवाणा आहे: दूरच्या प्रत्येक हिरव्या गटात लाल रंग शोधायचा, आणि तो शोधण्यासाठी एमचेरीला अँटीबॉडीने उजळवायचे, कारण पेशीच्या पटलावरचा टीव्हीएला जोडलेला एमचेरी नुसत्या डोळ्याला फिका असतो. दूरवर लाल-हिरव्या पेशी सापडल्या तर तो भाग या क्री-उंदरात या पद्धतीने अभ्यासता येणार नाही, असे मान्य करून एएव्हीचा प्रकार बदलावा.

क्री असलेल्या उंदरात टीव्हीए द्यायचा पण 'जी' द्यायचा नाही, हा तिसरा कंट्रोल. तो प्रत्येक नव्या क्री-जातीसाठी एकदा तरी करावाच. यात टोचलेल्या जागी लाल-हिरव्या पेशी भरपूर असायला हव्यात आणि दूरवर एकही हिरवी पेशी नसावी. ज्या विद्यार्थ्यांना उंदरांची संख्या कमी करण्याचा आग्रह होतो त्यांनी प्रयोगाचा एक उंदीर कमी करावा, हा नाही.

रांगेने, आणि सगळीकडे

कॉर्टेक्सपासून खाली टोचलेल्या जागेपर्यंत हिरव्या पेशींची सरळ रांग दिसली तर सुई वर काढताना एएव्ही तिच्यासोबत वर आला आहे. टोचल्यावर सुई तशीच १० मिनिटे ठेवावी आणि मग अगदी सावकाश काढावी, टोचण्याचा वेग कमी ठेवावा. यापलीकडे त्यात विशेष काही नाही.

सगळ्या मेंदूभर, विशेषतः वयस्क उंदरात, बारीक दाणेदार ठिपके दिसले तर लाल आणि दूरच्या लाल अशा दोन्ही फिल्टरमधून तोच भाग पाहावा. लायपोफ्युसिन हे वयाबरोबर पेशींत साठणारे रंगद्रव्य तिन्ही रंगांत चमकते, जीएफपी फक्त हिरव्यात.

कंट्रोल स्वच्छ, पण प्रयोगातही काही नाही

गळतीच्या भीतीने सगळेच पातळ केले की उलटी तक्रार येते. टोचलेल्या जागी चार-दोन पेशी हिरव्या, दूरवर काहीच नाही. इथे बहुतेक वेळा 'जी' कमी पडलेला असतो. मूळ बी१९ 'जी'ऐवजी २०१६ साली आलेला सुधारित ओजी वापरला तर प्रसार वाढतो. त्याच वर्षी आलेली सीव्हीएस-एन२सी ही जात अधिक पेशींपर्यंत पोहोचते आणि पेशींना कमी मारते. तिचे टायटर मात्र बहुधा कमी मिळते. एएव्ही टोचल्यावर दोन ते तीन आठवडे आणि रेबीज टोचल्यावर साधारण ७ दिवस, हा हिशेब बी१९साठी ठीक आहे. जास्त दिवस थांबल्यास स्टार्टर पेशी मरू लागतात आणि मग दूरवर हिरव्या पेशी आहेत पण टोचलेल्या जागी लाल-हिरवे काहीच नाही, असे गोंधळात टाकणारे चित्र दिसते. मदतनीस एएव्ही फार दाट दिला तरी तो स्वतःच पेशी मारतो आणि तेच चित्र मिळते, म्हणून मात्रा दोन्ही बाजूंनी तपासावी लागते.

आमच्या भागात या तक्रारीमागे आणखी एक कारण असते, ते म्हणजे थंडी टिकणे. एएव्ही थोडीफार उलथापालथ सोसतो. रेबीजला मेदाचे आवरण असल्याने वितळणे-गोठणे त्याला सोसत नाही, आणि प्रत्येक फेरीला टायटर घसरते. बंगळूरहून निघालेला कोरड्या बर्फाचा खोका सुमारे ५०० किलोमीटर राष्ट्रीय महामार्ग ४८ वरून येतो आणि एरवी रात्रीत पोहोचतो. पण १ नोव्हेंबरच्या कर्नाटक राज्योत्सवाच्या आसपास, गणपती विसर्जनाच्या दिवसांत किंवा बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात हिवाळी अधिवेशन चालू असताना मार्ग बदलतात, कुरियरची कार्यालये लवकर बंद होतात आणि खोका शनिवारी दुपारी येऊन सोमवारपर्यंत गोदामात पडून राहतो. कोरडा बर्फ उणे ७८ अंशांवर विरून जातो. तो संपल्यावर खोका उघडताना आत गारवा लागला तरी विषाणू वितळून गेलेला असू शकतो. म्हणून माल सोमवारी किंवा मंगळवारीच पाठवायला सांगावे, खोका उघडल्यावर बर्फ शिल्लक होता की नाही याची छायाचित्रासह नोंद करावी, आणि शंका असल्यास आधी टीव्हीए असलेल्या पेशींवर टायटर मोजून मगच उंदरांत वापरावे. उणे ८० अंशांच्या फ्रीजरला जनरेटर जोडलेला असला तरी पावसाळ्यात वीज खेळखंडोबा करते तेव्हा दार उघडू नये, एवढी शिस्त सगळ्यांना लावावी. विषाणू पाच-पाच मायक्रोलिटरच्या कुप्यांत भागून ठेवला, कुपी एकदाच वितळवली, बर्फावर ठेवून त्याच दिवशी वापरली आणि उरलेले निर्जंतुक करून टाकले, तर निम्म्या तक्रारी उद्भवतच नाहीत.

साठ्याबाबत आणखी एक इशारा द्यावासा वाटतो. पेशी मरू नयेत म्हणून विषाणूच्या एका प्रथिनाला स्वतःचा नाश करणारा तुकडा जोडलेली एक जात २०१७ मध्ये पुढे आली. नंतर दुसऱ्या प्रयोगशाळेने तपासले तेव्हा काही साठ्यांत तो तुकडा उत्परिवर्तनाने निकामी झालेला आढळला. आरएनए विषाणू वाढवताना असे घडणे स्वाभाविक आहे. म्हणून बदल कोणताही असो, कुपीवरच्या लेबलवर विसंबू नये; साठ्याच्या जीनोमचे सीक्वेन्सिंग करून घ्यावे.

मोजणी

सगळे नीट झाल्यावरही मोजणीत एक खोच राहते. दूरच्या हिरव्या पेशींची संख्या स्टार्टर पेशींच्या संख्येने भागून प्रत्येक स्टार्टरमागे किती, असे काढले जाते. लाल-हिरवी पेशी म्हणजे स्टार्टर, असे सर्रास धरतात, पण लाल रंग टीव्हीएचा आहे. 'जी' वेगळ्या एएव्हीत असेल तर लाल-हिरव्या पेशींतील काहींत 'जी' मुळीच नसतो आणि त्या कोणालाही पुढे पाठवत नाहीत. 'जी'च्या एएव्हीला निळ्यासारखा वेगळा रंग जोडून तिन्ही रंग असलेल्याच पेशी मोजल्या तर भागाकार खरा येतो. शिवाय सुईजवळ हिरव्या पेशी इतक्या दाट असतात की ४० मायक्रोमीटरच्या कापात त्या एकमेकींवर चढलेल्या दिसतात, तेव्हा तिथे कन्फोकल (एकेक पातळ पातळी वेगळी दाखवणाऱ्या) सूक्ष्मदर्शकाशिवाय मोजणी करू नये, मग त्यासाठी कापांची पेटी घेऊन दुसऱ्या गावी जावे लागले तरी चालेल. आणि दोन प्रयोगशाळांचे भागाकार एकमेकांशी ताडून पाहायचे असतील तर आधी विषाणूची जात, 'जी'चे रूप, एएव्हीची मात्रा आणि दिवस हे चारही तपासावेत, कारण यांपैकी एक बदलला तरी आकडा कितीतरी पटींनी हलतो.

एखाद्या भागातून तुरळक पेशींचीच जोडणी दिसत असेल, तर रेबीज बाजूला ठेवून उलट्या दिशेने जाणारा एएव्ही, उदाहरणार्थ २०१६ साली गोवनलॉक टेर्वो आणि सहकाऱ्यांनी तयार केलेला रेट्रो एएव्ही, त्याच जागी टोचून पाहावा. त्यानेही त्या भागातील पेशी रंगल्या तर तिथून तंतू येतात एवढे सिद्ध होते, पण ते तंतू आपल्याच पेशीवर सायनॅप्स करतात हे होत नाही. ते दाखवायचे तर त्या भागात प्रकाशाने चेतवता येणारे चॅनेल बसवून, काप जिवंत ठेवून, स्टार्टर जातीच्या पेशीत विद्युतनोंद घ्यावी लागते, आणि प्रकाश टाकल्यावर काही मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळाला तरच ती जोडणी लिहावी.